डिग्री कोणती, हे आधी विचारा

भिवंडीत आमच्या ओळखीचे एक बेकरीवाले आहेत. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने शहरातील बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेकडे वळण्याच्या नोटिसा दिल्या. ती पाळी आज ना उद्या आपल्यावरही येणार, असा हिशेब करून या गृहस्थांनी जुन्या बाजारातून परदेशी बनावटीची एक विजेची भट्टी घेतली. भट्टी चांगली होती. फक्त तिच्या चकतीवरील आकड्यांशेजारचे अक्षर घासून गेले होते.

बेकरीतील उस्तादांनी चाळीस वर्षे लाकडाच्या भट्टीवर काढलेली. चिमूटभर मैदा आत टाकून तो किती वेळात लाल होतो, यावरून ते भट्टीची आच ओळखत. त्यांना मालकांच्या भाच्याने सांगितले, "चाचा, नानखटाई १८० वर लावा." चाचांनी लावली. तासाभराने ट्रे बाहेर काढले तर तूप वितळून वाहिलेले आणि नानखटाई कच्चीच. चकती फॅरेनहाइटची होती. तिच्यावरचे १८० म्हणजे आपले ८२ सेल्सियस. एवढ्यावर पाणीदेखील उकळत नाही. मग कोणीतरी सांगितले की या भट्टीवर ३५० लावायचे, आणि काम सुरळीत झाले. पण महिन्याभराने चकती बिघडली. मिस्त्रीने बाजारातील देशी चकती बसवली. ती होती सेल्सियसची, चारशेपर्यंतची. चाचांच्या डोक्यात तोवर ३५० पक्के बसले होते. त्या दिवशी धूर गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"हे यंत्र खोटे बोलते," असे चाचा म्हणाले. मालक आम्हांस हळूच म्हणाले, "यंत्र खरेच बोलत होते हो, पण आम्ही त्याची भाषा विचारलीच नाही."

दोन दिवसांच्या मैदा-तुपाचे नुकसान भरून निघाले. मात्र आम्ही हा किस्सा हसण्यासाठी सांगितलेला नाही. डिग्री कोणती हे न विचारण्याची हीच चूक आपले व्यापारी आणि कारागीर बंधू दर उन्हाळ्यात करीत असतात. कूलर घेताना, छपराचा रंग घेताना, औषधांचा साठा ठेवताना, आणि सर्वांत महाग म्हणजे कामावर माणूस उभा करताना. तिथे मैदा जळत नाही, माणूस पडतो.

एक पारा, दोन हिशेब

फॅरेनहाइट हे जर्मन घराण्यातील, पण हॉलंडमध्ये राहून उपकरणे बनवणारे कारागीर. आपल्यातीलच म्हणा ना. त्यांनी १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनवला आणि १७२४ मध्ये आपली मोजणी जगापुढे ठेवली. त्यांच्या मोजणीत पाणी ३२ वर गोठते आणि २१२ वर उकळते. स्वीडनचे सेल्सियस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांची मोजणी मांडली. गंमत अशी की त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर धरले होते. ते नंतर उलटे करण्यात आले. जुनी माणसे 'सेंटिग्रेड' म्हणतात ते हेच. १९४८ मध्ये त्याला अधिकृतपणे सेल्सियस नाव मिळाले.

आपल्या देशात १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर शेर-मण गेले, मैल गेले, आणि हवामानाच्या बातमीतून फॅरेनहाइटही गेला. पण पुरता गेला नाही. घरातला तापाचा काचेचा थर्मामीटर आजही ९८.६ वर लाल खूण दाखवतो. अमेरिकेतील नातेवाईक फोनवर "आमच्याकडे आज शंभर डिग्री आहे" म्हणतात आणि इकडे आजीबाई घाबरतात. अमेरिकेहून आलेल्या भट्टीवर, गोंदाच्या डब्यावर, रंगाच्या माहितीपत्रकावर फॅरेनहाइटच असतो. मोबाइलमध्येही एक बोट इकडे-तिकडे पडले की हवामान फॅरेनहाइटमध्ये दिसू लागते.

हिशेब सोपा आहे. बर्फापासून उकळीपर्यंत सेल्सियसचे १०० घर, फॅरेनहाइटचे १८०. म्हणजे सेल्सियस ५ ने वाढला की फॅरेनहाइट ९ ने वाढतो. दुकानाच्या भिंतीवर एवढे लिहून ठेवावे: ३० म्हणजे ८६, ३५ म्हणजे ९५, ४० म्हणजे १०४, ४५ म्हणजे ११३, ५० म्हणजे १२२. मधला आकडा हवा असेल तर सेल्सियसची दुप्पट करावी, तिचा दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावेत. बेचाळीसचे चौऱ्याऐंशी, त्यातून ८.४ गेले, राहिले ७५.६, अधिक ३२, झाले १०७.६. उलट जायचे असेल तर ३२ वजा करून निम्मे करावे आणि त्यात त्याचाच दहावा भाग व किंचित वर घालावे. जुन्या लोकांचे "एकशेदहा डिग्री ऊन" असे केल्यास आजचे ४३ निघते.

या हिशेबात एक खड्डा आहे, आणि त्यात शिकलेली माणसेही पडतात. ३२ मिळवायचे ते तापमान सांगताना. फरक सांगताना ते मिळवायचे नाहीत. 'तापमान ५ अंशांनी उतरले' याचे फॅरेनहाइट ९ होते, ४१ होत नाही. हा खड्डा छपराच्या रंगाच्या व्यवहारात कसा महाग पडतो, ते पुढे येईलच.

१०४ चा ताप आणि ४० ची हवा

एकच गोष्ट वेगळ्या आकड्यांत दिसली की तिचे गांभीर्य कसे हरवते पाहा. घरात मुलाला १०४ ताप आला की आई रात्रभर कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवते, बाप डॉक्टरांकडे धावतो. पण "आज ४० आहे" असे ऐकून कोणी कूस बदलत नाही, कारण आपल्याकडे ४० म्हणजे रोजचेच. वास्तविक दोन्ही आकडे एकच आहेत. १०४ फॅरेनहाइट म्हणजे ४० सेल्सियस. ज्या दिवशी हवा ४० असते, त्या दिवशी कारागिराभोवतीची हवाच कडक ताप आलेल्या अंगाइतकी गरम असते.

माणसाचे अंग आतून ३७ असते आणि कातडी सुमारे ३५. हवा त्याहून थंड असेल तर अंगाची उष्णता हवेत जाते. हवा ३५ च्या वर गेली की उलट हवाच अंगाला तापवू लागते, आणि सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. तोही नुसता वाहून उपयोगाचा नाही, वाळला पाहिजे. वाळताना तो अंगाची उष्णता घेऊन जातो. घाम वाळेनासा झाला की अंग आतून तापू लागते, आणि ते ४० च्या आसपास गेले की मेंदूवर परिणाम होऊन माणूस बरळू लागतो. यालाच उष्माघात म्हणतात.

म्हणून उन्हाळ्यात नुसता पारा पाहून भागत नाही. घाम वाळतो की नाही, हे पाहावे लागते. आणि इथेच मालेगाव आणि भिवंडी यांचा उन्हाळा वेगळा होतो.

बेचाळीस हलके, पस्तीस जड

मे महिन्यातील दुपार. मालेगावात ४२ अंश, हवेत ओल शंभरातून वीस भाग. त्याच वेळी भिवंडीत ३५ अंश, पण ओल सत्तर भाग. वर्तमानपत्रात मालेगावचा आकडा मोठ्या टाइपात येतो आणि भिवंडीकडे कोणी पाहत नाही. पण आता तापमापकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळून पाहा. याला ओला पारा म्हणतात. घाम वाळून अंग किती थंड होऊ शकते, याचा अंदाज तो देतो. मालेगावच्या त्या हवेत ओला पारा सुमारे २४ वर येऊन थांबेल. भिवंडीच्या हवेत तो ३० च्या खाली उतरणार नाही. म्हणजे पस्तीसवाली भिवंडी बेचाळीसवाल्या मालेगावपेक्षा अंगाला जड आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या 'भासणाऱ्या तापमाना'च्या कोष्टकाने ३५ अंश आणि सत्तर भाग ओल यांची बेरीज काढली तर ती सुमारे १२२ फॅरेनहाइट येते, म्हणजे ५० सेल्सियस. मोबाइलवर मुख्य आकड्याखाली बारीक अक्षरांत जो दुसरा आकडा दिसतो, तो याच जातीचा. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

ओला पारा ३५ वर गेला तर सावलीत, पंख्याखाली नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकणार नाही, असा सिद्धांत शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडला होता. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. आणि ती माणसे लूम चालवीत नव्हती, पोती उचलीत नव्हती.

आता मालेगावच्या बंधूंनी लगेच खूश होऊ नये. हवामान खात्याचा ४२ चा आकडा मोकळ्या मैदानातील पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतला असतो. सावलीतला, जमिनीपासून छातीच्या उंचीवरचा. आपल्या कारखान्यावर पत्रा असतो. तो उन्हाने भाजतो आणि खाली उष्णता ओततो. लूमच्या मोटारी आपली भर घालतात. सुती तार कोरड्या हवेत वारंवार तुटते, म्हणून खिडक्या लावून घेतात, जमिनीवर पाणी मारतात, कुठे फवारेही सोडतात. तारेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. सुताला ओल मानवते. पण बंद शेडमध्ये हवा ४० राहिली आणि पाणी मारून ओल पन्नास भागांवर गेली, तर ओला पारा सुमारे ३१ होतो. बाहेर कोरडी, सुसह्य झळ आणि आत भिवंडीहून जड हवा. जी हवा सुताला वाचवते ती विणकराला मारते, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

हे काही नवे ज्ञान नाही. अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत कामाच्या खोलीतील ओला पारा ३० अंशांच्या वर जाऊ नये आणि हवा खेळती असावी, असे फार पूर्वीच लिहून ठेवले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करण्याचे बंधन घातले होते. पण वीस-पंचवीस लूमचे आपले कारखाने या आकड्यांत कधी बसलेच नाहीत. त्यामुळे जे काही करायचे ते आपल्यालाच, आपल्या अकलेने करायचे आहे.

कूलर कोणाला, पंखा कोणाला

मार्च उजाडला की कूलरवाल्यांच्या जाहिराती सुरू होतात. कूलर पाणी वाळवून हवा थंड करतो, म्हणजे त्याचा जोर ओल्या पाऱ्यापर्यंतच. त्याच्याखाली तो हवा नेऊ शकत नाही. मालेगाव, जळगाव, अकोला, नागपूर येथे कोरड्या मे महिन्यात ४२ आणि २४ यांत अठरा अंशांचे अंतर असते. त्यातील बराच भाग चांगला कूलर पदरात टाकतो. भिवंडी, मुंब्रा, रत्नागिरीत ३५ आणि ३० यांत अंतर अवघे पाच. तिथे कूलर लावणे म्हणजे विजेचे बिल भरून खोलीत आणखी ओल आणणे. किनाऱ्यावर पंखा, आणि आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, हाच खरा इलाज. कोरड्या भागातही कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात तिथेही भिवंडी होते.

पंख्याचेही एक पथ्य आहे. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम झळ मारतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ४० च्या वर पंख्यावर विसंबू नये असे सांगितले आहे. अंगावर ओला पंचा घेऊन पंख्यापुढे बसणे ही आपल्या बुजुर्गांची युक्ती मात्र कोरड्या हवेत चोख काम देते.

आता छपराचा रंग. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात शहरात मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा फार वाढली. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेशी तोंड देण्याची आखणी केली. दक्षिण आशियात एखाद्या शहराने अशी आखणी करण्याची ती पहिली वेळ. पुढे त्यात गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा चुना फासण्याचे कामही आले. पांढऱ्या छपराने आतली हवा साधारण २ ते ५ अंश सेल्सियसने उतरते, असा अनुभव आहे.

रंगाचे एजंट आता आपल्या कारखान्यांतही येतात. आमच्यासमोर एकाने माहितीपत्रक उघडून "दहा डिग्री उतरेल, गॅरंटी" असे सांगितले. पत्रक परदेशी होते. दहा फॅरेनहाइट म्हणजे फरकाच्या हिशेबाने साडेपाच सेल्सियस. म्हणजे चुन्याहून फार मोठी करामत नव्हे. कारखानदारांनी विचारले, "दहा कोणते?" तेव्हा एजंट म्हणाला, "डिग्री म्हणजे डिग्री, सेठ." सौदा तिथेच मोडला. दुसरा प्रश्न विचारायचा तो असा की ही उतार कशाची, पत्र्याची की खालच्या हवेची? पत्रा वीस अंशांनी थंड झाला तरी खालची हवा तेवढी उतरत नाही. महाग रंग दोन-चार वर्षे टिकत असेल तर त्याचा हिशेब वेगळा. पण हात आखडता असेल तर चुना दर वर्षी फासावा. मार्च अखेर फासलेला चुना पावसापर्यंत आपले काम करतो.

दुपारचे तीन तास

कोकणातील किती घरांतील माणसे कुवेत, दुबई, कतारमध्ये आहेत हे सांगायला नको. कुवेतमधील मित्रिबा येथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश नोंदले गेले. अमेरिकन पत्रांनी ते १२९ म्हणून छापले आणि इकडे कित्येकांना तो छापखान्याचा चुकारपणा वाटला. अशा मुलखात उघड्यावरील काम उन्हाळ्यात दुपारी कायद्याने बंद असते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन. सौदीत त्याच काळात बारा ते तीन. कतारने २०२१ पासून वेळ आणखी वाढवून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन केली. शिवाय उष्णता, ओल आणि ऊन यांचा एकत्रित आकडा ३२.१ च्या वर गेला की वेळ काहीही असो, काम थांबवण्याचा नियम केला. तेथे कामगारांचे सारेच चांगले चालते असे आम्ही म्हणत नाही. पण गवंडी, वेल्डर, हमाल म्हणून तिकडे गेलेला आपला माणूस दुपारी सावलीत बसतो आणि इकडे राहिलेला त्याचा भाऊ पत्र्याखाली उभा असतो, हे चित्र विचार करायला लावणारे आहे.

अडचण कुठे आहे, तेही आम्हांस माहीत आहे. लूमवरचा विणकर मीटरवर पैसे घेतो, हमाल पोत्यावर, वेल्डर नगावर. बसला की मजुरी थांबली. म्हणून सेठने "बस" म्हटले तरी तो बसत नाही, आणि सेठही फारसे म्हणत नाहीत, कारण बाजारात माल वेळेवर द्यायचा असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार हवा ३३-३४ अंश झाली की मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याची ताकद निम्म्यावर येते, आणि २०३० मध्ये भारतातील कामाचे ५.८ टक्के तास उष्णतेपायी वाया जातील. म्हणजे दुपारचे ते तीन तास तसेही अर्धेच पडतात. त्यात तार तुटण्याकडे लक्ष राहत नाही, कापडात दोष येतो, आणि वेपारी मीटरमागे कापून घेतो. हे अर्धे तास सोडून ते पहाटे आणि रात्री घ्यावेत, ही आमची सूचना. जोहरच्या नमाजला लूम थांबतातच. तो थांबा उन्हाळ्यापुरता एक ते चारपर्यंत वाढवता येतो. काही ठिकाणी पाळ्या बदलून पाहणारे कारखानदार आम्हांस भेटले. त्यांची तक्रार विजेची होती, उत्पादनाची नव्हती. मीटरचा दर तोच ठेवून दुपारच्या बंदचा काही रोज धरायचा की नाही, हा वाद प्रत्येक ठिकाणी वेगळा सुटेल. पण सगळा भार विणकरावर टाकून तो सुटणार नाही, असे आमचे मत आहे.

नव्या आणि परतलेल्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी. अंगाला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात आणि आठवडाभर दूर राहिले तरी ती सुटू लागते. ईदला गावी जाऊन आलेला जुना कारागीरही त्या अर्थाने नवाच असतो. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेचा सल्ला असा की नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचव्या हिश्शाइतकेच घ्यावे आणि रोज पाचवा हिस्सा वाढवावा. आपल्याकडे उलट चालते. सुटीवरून आलेल्याला मुकादम पहिल्याच दिवशी डबल पाळीला लावतो.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर घ्यावे. माठ कारखान्याच्या कोपऱ्यात नको, हाताशी हवा. घामाबरोबर मीठ जाते, म्हणून ताक, लिंबू-सरबत, कैरीचे पन्हे, भाताची पेज यांपैकी काहीतरी दुपारी मिळावे. चहा कमी. माणूस चक्कर येऊन बसला तर सावली, पाणी, सैल कपडे एवढ्याने तो सावरतो. पण तो बरळू लागला, ओळखेनासा झाला, अंग भट्टीसारखे लागू लागले, तर तो उष्माघात. मग थर्मामीटरने १०४ दाखवण्याची वाट पाहू नये. अंगावर भरपूर पाणी ओतावे, पंखा सोडावा, काखेत आणि मानेला बर्फ लावावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही इथे कामाची नाही, कारण हा ताप रोगाचा नसून बाहेरच्या उष्णतेचा असतो.

मालाचाही उन्हाळा

माणसानंतर माल. औषध दुकानदारांनी डब्यांवरील बारीक अक्षरे एकदा नीट पाहावीत. आपल्याकडील बहुतेक गोळ्यांवर '३० अंशांच्या वर ठेवू नये' असे असते. परदेशी डब्यांवर ६८ ते ७७ असे दिसले तर घाबरू नये. ते २० ते २५ सेल्सियस आहे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत हवे, म्हणजे ३६ ते ४६ फॅरेनहाइट. एका दुकानदाराने ३६ ते ४६ पाहून "मग बाहेरच ठेवले तरी चालेल, आपल्याकडे एवढीच हवा असते" असे म्हटल्याचे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे! पत्र्याच्या दुकानात दुपारी ४० होते, याचा अर्थ मधल्या दोन महिन्यांत अर्धा साठा लिहिलेल्या मर्यादेबाहेर असतो. रोगी पुरे पैसे देऊन अर्धे औषध नेतो. हा व्यवहार चोख म्हणता येणार नाही. अत्तरवाल्यांनी कुप्या शोकेसच्या वरच्या कप्प्यात, दिव्याखाली ठेवू नयेत. चप्पल-बूटवाल्यांचा गोंद उन्हात पातळ होऊन जोड सुटतो. तो डबा रात्री आतल्या खोलीत न्यावा.

शेवटी एक स्वस्त उपकरण. सारखेच दोन साधे सेल्सियसचे तापमापक घ्यावेत. हवामानाचे, तापाचे नव्हेत. तापाचा थर्मामीटर ४२ च्या पुढे दाखवतच नाही आणि झटकल्याशिवाय उतरतही नाही. एका पाटीवर दोन्ही शेजारी बांधावेत. एकाच्या फुग्यावर मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे दुसरे टोक खालच्या पाण्याच्या बाटलीत सोडावे. पाटी कारागीर उभा राहतो तिथे, छातीच्या उंचीवर, पंख्याचा वारा लागेल अशी टांगावी. भिंतीवर, पत्र्याजवळ किंवा मोटारीशेजारी नको. दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे वहीत लिहावेत. ओला पारा ३० च्या पुढे दिसला की पाणी मारणे थांबवून खिडक्या उघडाव्यात आणि माणसे पाळीपाळीने बाहेर काढावीत. मलमल मात्र दर दोन-तीन दिवसांनी धुवावी. सुताची धूळ आणि पाण्यातील क्षार तिच्यावर बसले की ती नीट भिजत नाही आणि ओला पारा खरा असेल त्याहून वर दिसतो.